मोटर सुरू करण्याची सुधारित पद्धत

अग्नीचा शोध लागला, चाकाचा लागला, तरी मानवी संस्कृती अपुरीच होती. कारण राजेंद्र नगरातल्या आमच्या बिल्डिंगीत पाण्याची मोटर नुसतं बटण दाबून सुरू होत असे.

हा रानटीपणा दत्तोपंतांनी थांबवला. त्यांचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते; त्यामुळे एका माणसाने उरकलेलं काम पाहिलं की दत्तोपंतांचा जीव आजही कासावीस होतो. मध्यंतरी टाकी थोडी वाहिली आणि जलसमिती स्थापन झाली. (अध्यक्ष: दत्तोपंत. सदस्य: बैठकीला न आलेले सर्व.)

नवी पद्धत अगदी सुटसुटीत आहे. पाणी हवं असलेल्याने ग्रुपवर विनंती टाकावी. तिला वेगळ्या मजल्यावरून अनुमोदन यावं (समोरच्या दाराचं चालत नाही, संगनमताचा वास येतो). मग निरीक्षकाने गच्चीवर जाऊन टाकी खरोखर रिकामी आहे का ते पाहावं. गच्चीची किल्ली यशोधराताईंकडे, बटणाच्या पेटीची अध्यक्षांकडे. टाकी वाहण्याचं प्रमाण तेव्हापासून शंभर टक्के घटलं. (भरण्याचंही घटलं, पण तो विषय पटलावर नव्हता.)

आज सकाळी वरच्या मजल्यावरचा मुकुल डोक्याला साबण चोळत असताना नळ गेला. दहाला शहराबाहेर सिमरोलला नोकरीचा इंटरव्ह्यू. बिचाऱ्याने एका डोळ्याने विनंती टाइप केली. उत्तरादाखल अंगठे आले. अंगठा म्हणजे अनुमोदन की नुसती सहानुभूती, यावर चर्चा रंगली. निरीक्षकांनी टाकीचा फोटो टाकला, पण त्यात तळ नीट दिसेना. शेवटी मुकुल टॉवेल गुंडाळून, फेसासकट, पेटीपाशी अवतरला.

“काका, ताला खोला ना. नऊ वाजत आले.”

“बेटा, मी आत्ताच खोलणार होतो,” दत्तोपंत किल्ली कुरवाळत मायेने म्हणाले, “पण अर्जदार स्वतः आला म्हणजे दबाव आला. आता पहिल्यापासून टाक.”

अरुंधतीकाकू आपली भरलेली बादली घेऊन निघाल्या होत्या. परस्पर पाणी देणं म्हणजे समितीवर अविश्वास, असं कळताच बादलीसकट परतल्या.

मुकुल अजून जिन्यात उभा आहे. फेस वाळायला लागलाय. तेव्हा दत्तोपंतांना हसून झालं असेल, तर वाचकहो, एक बादली पाणी द्या. फक्त ‘घरी विचारून सांगतो’ म्हणू नका.