दहा महिन्यांची मालकीण

मेल आला तेव्हा स्वरदा एका हातानं दहा महिन्यांच्या मनस्विनीला नाचणीची खीर भरवत होती आणि दुसऱ्या हातानं टँकरची वेळ वेबसाइटवर चढवत होती. ‘वेबसाइटच्या नावाच्या मालकाची ओळख तीन दिवसांत पटवा, अन्यथा नाव बंद होईल.’

तिचा हात थबकला. खीर लेकीच्या नाकाला लागली.

पावसानं दगा देण्याचं हे सलग दुसरं वर्ष. गारखेड्यात इमारतींवर इमारती उभ्या राहत होत्या, नळ मात्र ठणठणीत कोरडे. कुठल्या गल्लीत टँकर किती वाजता, ते स्वरदा स्वतः काढलेल्या वेबसाइटवर रोज टाकायची, म्हणून बायकांचं उन्हात ताटकळणं थांबलं होतं.

“बाबा, वेबसाइटच्या नावाचा फॉर्म तुम्ही भरला होता ना? मालक म्हणून नाव कोणाचं टाकलं?”

जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले तिचे सासरे अनंतराव पेपर खाली न ठेवताच म्हणाले, “आपल्या घरात लेक झाली की वर्षभरात नवं घ्याल ते तिच्या नावावर. स्कूटर, फ्रिज, आणि हेही. जन्मतारखेसकट! एक अक्षर खोटं लिहिलं नाही.”

स्वरदानं मदत केंद्राला फोन लावला. नाव बदलायला मालकाचा मोबाइल हवा. मालकाकडं खुळखुळा होता. मग मालकाचा ईमेल हवा. तो अनंतरावांनी नातीच्या नावानं उघडला होता आणि पासवर्ड विसरले होते. पासवर्डसाठी मालकाची सही हवी. मालकानं तो कागद अर्धा खाल्ला.

दुपारी चौथ्या गल्लीतल्या सारजाबाई रिकामा ड्रम घेऊन दारात हजर. “पोरी, टँकर बंद होणार म्हणत्यात! माझे दोन्ही गुडघे गेले. आता पुन्हा उन्हात हुभं राहायचं व्हय?”

“टँकर नाही हो मावशी, वेबसाइट!”

“मग येगळं काय सांगितलंस? त्यात दिसल्याबिगर तो कव्हा येतो ते कसं कळावं?”

तिसऱ्या दिवशी एकदाचा वेबसाइटची नावं नोंदणाऱ्या दिल्लीच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याचा व्हिडिओ कॉल लागला. अनंतराव इस्त्रीचा सदरा घालून बसले. सारजाबाईही येऊन बसल्या, ड्रमसकट.

“मालिक को बुलाइए.”

अनंतरावांनी रांगणाऱ्या नातीला पुढं केलं.

“ये... क्या करती हैं?”

“फिलहाल रेंगती हैं,” अनंतराव अदबीनं म्हणाले.

मनस्विनीनं कॅमेऱ्याला खिरीचं बोट लावलं. पलीकडून खो खो हसू. पोट धरून हसून झाल्यावर अधिकाऱ्यानं नियम शोधला. जन्मदाखला पाठवा, नाव पालकाच्या नावावर करता येतं. पालक कोण?

“थांबा, मुलाला कंपनीतून बोलावतो,” अनंतराव गडबडले.

“हिमांशूला कशाला?” सारजाबाई उसळल्या. “रोज येळ कोण टाकतं? लेकराची माय समोर बसलीय की!”

घर सासऱ्यांचं, मोटार नवऱ्याची, फ्रिज लेकीचा. स्वरदाच्या नावावर काहीच नव्हतं. अनंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि लॅपटॉप तिच्याकडं सरकवला. “माझ्या ध्यानातच आलं नाही बघ. टाक, तुझं नाव टाक.”

“मॅडम, पूरा नाम बोलिए.”

ती पुटपुटली.

“आवाज़ नहीं आई.”

स्वरदानं श्वास घेतला आणि इतक्या जोरात नाव सांगितलं, की लेक दचकून टाळ्या वाजवू लागली आणि अधिकाऱ्यानं कानातला हेडफोन काढून ठेवला.

“आवाज पार तिकडं सिल्लोड गावापर्यंत गेला बघ,” सारजाबाई ड्रम उचलत म्हणाल्या. “बरं, मालकीणबाई, उद्याचा टँकर किती वाजता?”