रंगराव धनेशांच्या घशातली उंबरं

एका जंगलात, जिथे फोनला रेंज फक्त बेहड्याच्या झाडाच्या शेंड्यावर मिळायची अशा एका जंगलात, रंगराव नावाचे एक धनेश पक्षी राहत होते. त्यांची चोच भली मोठी होती, पण ती दुसऱ्याच्या कामात खुपसायची त्यांना सवय नव्हती. त्यामुळे जंगलात त्यांना फारसं कोणी विचारत नसे.

मुलांनो, धनेशांची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. अंडी घालायची वेळ आली की धनेशाची बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते. फक्त एवढीशी फट ठेवते. मग पिल्लं मोठी होईपर्यंत ती आत आणि नवरा बाहेर. नवऱ्याने उंबरं गिळून आणायची आणि घशातून एकेक काढून फटीतून आत द्यायची. त्याने आणली तर आतले जेवतात, नाही आणली तर उपाशी राहतात. तुमच्या बाबांना ही रीत ऐकायला बरी वाटेल. त्यांना पुढचंही ऐकायला बसवा.

तर रंगरावांची बायको द्वारकाबाई अशी त्याच बेहड्याच्या ढोलीत बसली होती. अंड्यांतून दोन पिल्लं बाहेर आली होती. आणि नेमका तेव्हाच रंगरावांना झटका आला. फांदीवर बसल्या बसल्या त्यांचा डावा पंख लुळा पडला आणि ते धपकन खाली आले.

डॉक्टर घोरपडे धावत आले. ते घोरपडच होते, त्यामुळे धावत आले म्हणजे संध्याकाळपर्यंत आले. त्यांनी औषध दिलं. पंख हळूहळू हलायला लागला. तोवर शेकरूने द्वारकाबाईंना उंबरं पोचवली, आणि आपण ती पोचवतो हे जंगलभर पोचवलं.

पंख सुधारला, पण झटक्याने गेलेली आठवण काही सुधारेना. रंगराव उंबरं आणायला जायचे आणि तिथेच खाऊन बसायचे. एकदा तर त्यांनी घसाभर उंबरं शेजारच्या ढोलीत पिंगळ्याच्या बायकोला भरवली. तिला उंबरं आवडत नव्हती, पण आयतं मिळालं की नको कोण म्हणतं? पिंगळा घरी आला तेव्हा तिने त्याला रंगरावांचं उदाहरण दिलं. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

इकडे द्वारकाबाईंची पिल्लं भुकेने चिरकत होती. रंगरावांना फार लाज वाटली. आपल्याच लेकरांना उपाशी ठेवणारा बाप आपण, असं वाटून ते रडले. थोड्या वेळाने आपण कशासाठी रडतोय हे ते विसरले, म्हणून आणखी रडले.

डॉक्टर घोरपडे म्हणाले, "पाय अधू झाला की आपण काठी घेतो ना? मग आठवणीला काठी घ्यायला कसली लाज?"

काठी लवकरच मिळाली. सहलीला आलेला कोणी माणूस आपला फोन ओढ्याकाठी विसरून गेला होता. तो हुप्पेसाहेबांनी आणून दिला. हुप्पेसाहेब जातीने वानर आणि धंद्याने तज्ज्ञ. कशातले, ते कोणी विचारत नसे. त्यांनी फोनमध्ये आठवण घातली. उजाडलं की फोन वाजायचा आणि बोलायचा, "रंगराव, उंबरं गिळा. खाऊ नका. बेहड्याच्या ढोलीकडे जा. आत बायको आहे. तुमचीच आहे."

आणि काय सांगू, जमलं की! रंगराव वेळेवर जायला लागले. पिल्लं गुबगुबीत झाली. द्वारकाबाई फटीतून म्हणाल्या की झटका येण्याआधीही तुम्ही इतके वक्तशीर नव्हता. रंगरावांना आधीचं आठवत नव्हतं, म्हणून त्यांनी ते लगेच मान्य केलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आपल्या जंगलात आजारी प्राण्याला बघायला जायची पद्धत आहे. जो येतो तो एक उपाय सांगतो आणि चहा पिऊन जातो.

पहिलं आलं वटवाघूळ. उलटं लटकलं की रक्त डोक्यात जातं आणि सगळं आठवतं, असं त्याने सांगितलं. ते रंगराव विसरतील, म्हणून तशी आठवण फोनमध्ये घालायला लावली. मग गवा आला. त्याने लसूण खायला सांगितलं आणि जाता जाता म्हणाला, "रंगराव, तुमचा फोन वाजतोच आहे तर आमचंही एक टाका. मी दुपारी चिखलात बसतो. मला उठायची आठवण करत जा."

घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं. गव्याने टाकलं म्हणून अस्वलाने टाकलं. अस्वलाने टाकलं म्हणून सशाने आपल्या मंडळाच्या सगळ्या सभा टाकल्या. हरणाने टाकलं, 'वाघ आला की पळणे.' वाघाने टाकलं, 'हरणाकडे जाणे.' दोघांनी सोयीची म्हणून एकच वेळ धरली.

आता फोन दिवसभर बोंबलू लागला आणि रंगराव दिवसभर उडू लागले. गव्याला उठवायचं, सशाला सभेला धाडायचं, मधेच उलटं लटकायचं. सगळं जंगल त्यांचं कौतुक करू लागलं. आजारपण यावं तर रंगरावांसारखं, असं लोक म्हणू लागले. स्वतःचं काही लक्षात ठेवायची गरज कोणालाच उरली नाही.

एक दिवस फोन म्हणाला, जागा संपली. अस्वलाला मधाची आठवण घालायची होती आणि ते अडून बसलं. हुप्पेसाहेबांनी सगळ्या आठवणी वाचून काढल्या. गव्याचं काढलं असतं तर गवा चिडला असता. वाघाचं काढायचा प्रश्नच नव्हता. मग ते पहिल्या आठवणीपाशी थांबले आणि हसले.

"ढोलीत बायको आहे, तुमचीच आहे," त्यांनी मोठ्याने वाचलं. "रंगराव, ही काय लिहून ठेवायची गोष्ट आहे? बायको कोण विसरतं?"

सगळे हसले. सगळे हसतायत म्हणून रंगरावही हसले. हुप्पेसाहेबांनी ती आठवण पुसली आणि तिथे मध घातला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं. फोन मधाचं बोलला, सभेचं बोलला, लसणाचं बोलला. सवयीने रंगरावांनी उंबरं मात्र गिळली होती. पण ती कोणाची, ते काही केल्या आठवेना.

तिकडे द्वारकाबाई फटीतून हाका मारत होत्या. खालून जाणाऱ्या प्रत्येकाने त्या ऐकल्या. पण फोनमध्ये घातलेलं असेल, वेळ झाली की वाजेल, असं म्हणून जो तो पुढे गेला. दुपार झाली. धाकटं पिल्लू ओरडायचं थांबलं. तेव्हा द्वारकाबाई खरोखर घाबरल्या.

रंगराव घसा भरून दारोदार फिरत होते. "माझ्याकडे कोणाची तरी उंबरं आहेत," ते विचारत. "तुमची का?"

"माझीच," अस्वल म्हणालं आणि त्याने मोठा आ वासला.

रंगराव पुढे झाले आणि थांबले. हे तोंड फार मोठं होतं. नाव आठवत नव्हतं, झाड आठवत नव्हतं, पण उंबर एका अरुंद जागेतून आत जातं, एवढं त्यांच्या चोचीला आठवत होतं. त्यांनी अस्वलाची माफी मागितली आणि ते अरुंद जागा शोधू लागले. वारुळाच्या भोकात त्यांनी चोच घालून पाहिली. बांबूच्या चिरेत घालून पाहिली. झोपलेल्या साळिंदराच्या पाठीतही घालून पाहिली, आणि ती चूक झाली हे त्यांना लगेच कळलं. उंबरं त्यांनी कुठेच टाकली नाहीत. त्यांना स्वतःलाही सकाळपासून भूक लागली होती, तरी खाल्ली नाहीत.

फिरत फिरत ते बेहड्याखाली आले. वरून बसका आवाज आला, "अहो, इकडे. वर बघा."

ते वर गेले. चोच फटीत घातली. ती अगदी बरोबर बसली.

"आपण माझ्या कोण?" रंगरावांनी नम्रपणे विचारलं.

"आधी उंबरं द्या, मग सांगते," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यांनी एकेक करत सगळी दिली. पहिली तीन धाकट्याने खाल्ली आणि ते पुन्हा ओरडायला लागलं. तो आवाज ऐकून द्वारकाबाई रडल्या. मग आपण कोण ते त्यांनी सांगितलं. रंगरावांना फार आनंद झाला. इतकी चांगली बाई आपल्याच घरातली निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग द्वारकाबाईंनी फटीतून फोन आत मागून घेतला. चिखल लिंपून बसलेल्या बाईला वेळच वेळ असतो. त्यांनी गवा पुसला, ससा पुसला, वाघही पुसला. स्वतःच्या आवाजात एकच आठवण घातली, कुलूप घातलं आणि फोन परत दिला.

जंगलात हाहाकार झाला. गवा चिखलातच बसून राहिला आणि वरून चिखल वाळला. हरीण आणि वाघ एकाच झाडाखाली दिवसभर फोनची वाट बघत बसले. शेवटी कंटाळून दोघंही घरी गेले. मग सगळे मिळून जाब विचारायला रंगरावांकडे आले. आम्ही तुमच्यावर विसंबून होतो, असं गवा म्हणाला. आजारपणात माणूस आपमतलबी होतो, असं हुप्पेसाहेब म्हणाले. रंगरावांना यातलं काहीच आठवत नव्हतं. त्यामुळे चूक आपलीच असणार, असं समजून त्यांनी सगळ्यांची मनापासून क्षमा मागितली.

तेवढ्यात फोन वाजला. द्वारकाबाईंचा आवाज आला, "अहो, उंबरं आणा. मी द्वारका. बेहड्यावर आहे."

रंगराव ताठ झाले. "मला निघायला हवं," ते सगळ्यांना अभिमानाने म्हणाले. "मला बायको आहे." आणि ते उडून गेले.

मागे सभेने एकमताने ठराव केला की रंगरावांची स्मरणशक्ती गेलेली आहे, सबब यापुढे त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवू नये.

तात्पर्य: आपली कामं नेहमी आजारी माणसावर सोपवावीत. ती झाली तर त्याला विरंगुळा मिळतो, आणि राहिली तर विसराळू कोण, हे शोधत बसावं लागत नाही.