दार आतून उघडत नाही

आमच्या चाळीतले खानविलकर भाऊजी रोज सकाळी गाडीच्या बॉनेटवर स्टीलचा पेला पालथा ठेवून त्याच्या बुडाला कान लावतात. इंजिन घुरघुरत असतं, समोरच्या गिरणीत मिरच्या कुटत असतात, आणि हे डोळे मिटून उभे. मग जाहीर करतात, "आज कफ कमी आहे." जन्मभर गोदीत कारकुनी केली हो, पण निदान कधी चुकलं नाही. बुधवारी म्हणाले क्लच जाणार, शुक्रवारी गेला. आमच्या डॉक्टरला हे जमत नाही.

गाडी बावीस वर्षांची. सीटमध्ये मसाला असा मुरलेला, की बसणारा आधी शिंकणार, मग दार लावणार. विकायची की दुरुस्त करायची, विचारलं की ऑफिसातलं उत्तर: "विषय विचाराधीन आहे."

आणि दुरुस्ती काय एक! सगळं बदललं, फक्त पुढचं डावं दार राहिलं. ते म्हणे आतून उघडत नाही. म्हणून गाडी थांबली की भाऊजी उतरणार, पुढून वळसा घालणार, दार उघडून धरणार, मग सुमन, म्हणजे त्यांची बायको, उतरणार. घरात स्वतःचा पेला न विसळणारा माणूस! आमच्या ह्यांनी मला टॅक्सीतून उतरताना "पाय बघ" एवढंसुद्धा कधी म्हटलं नाही. मी आपली गॅलरीतून बघत राहायचे.

"भाऊजी, ते दार तरी करून घ्या."

"पार्ट मिळत नाही, वहिनी."

दिवाळीनंतर एकदा पेला लावला, पुसून पुन्हा लावला, आणि मेकॅनिकला बोलावणं धाडलं. रे रोडचा मेकॅनिक आला. "काका, इंजिन गया. जितना डालोगे, कम है. निकाल डालो."

मी तिथेच मिरच्या कुटून घ्यायला उभी होते. भाऊजींनी एकच विचारलं, "हल्लीच्या गाड्यांची दारं कशी असतात रे?"

"एकदम मक्खन, काका."

ते ऐकून चेहरा आणखीच उतरला. मला वाटलं, जुन्या गाडीची माया.

गाडी घेणारा शिंकत शिंकत घेऊन गेला. महिन्याने दुसरी आली, वापरलेलीच, पण चकचकीत. पहिल्या फेरीला दादरच्या मंडईत निघालो, सुमन पुढे, मी मागे. निघताना भाऊजी मागची काच पुसत होते, तेव्हा सुमनचा पदर दारात अडकला. तिने आतून दार उघडलं, पदर ओढला, पुन्हा लावलं. माझ्या डोळ्यांदेखत.

मंडईपाशी तिने उतरायला हात पुढे केला, तर भाऊजी घाईघाईने पट्टा सोडत म्हणाले, "थांब, थांब. हिचंही आतून उघडत नाही."

मी बोलणारच होते. पण सुमनने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. भाऊजी पुढून वळसा घालत होते, तेवढ्यात मान न वळवता मला म्हणाली,

"तू गप बस गं. त्या जुन्या गाडीचंही उघडायचं."