बॅटरी मागे, सासरेही मागे

गाडीच्या पोटातली बॅटरी पुढून काढून मागे डिकीत न्यायची, हे चष्मेवाल्याने एका शुक्रवारी जेवताना जाहीर केलं. परवानगी मागितली नव्हती. नुसती माहिती दिली.

"का?" बायकोने विचारलं.

"गाडीचं नाक जड आहे. ब्रेक मारला की पुढे वाकते, जणू कुणाला नमस्कारच करतेय!"

"मग करू दे की नमस्कार."

"अगं, चष्मा नाकावरून घसरतो तेव्हा मी काय करतो? काड्यांच्या टोकाला जरासं वजन देतो. कानामागे भार आला की चष्मा जागचा हलत नाही. गाडीचंही तेच. पुढचा भार मागे नेला की बघ कशी चालते! लोण्यातून सुरी!"

त्याचा धंदाच तसा होता. वीस वर्षं लोकांच्या नाकावरचं ओझं कानांवर वाटून देण्यात गेली होती. आता गाडी म्हणजे मोठा चष्मा आणि आपण तिचे तज्ज्ञ, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बायको जनावरांची डॉक्टर. आजवर ती दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी करत होती. चष्म्याच्या दुकानाला लागून असलेल्या खोलीत येत्या रविवारी तिचा स्वतःचा दवाखाना सुरू व्हायचा होता. फीत तिच्या वडिलांनी कापायची, हेही ठरलं होतं. तेवढ्यासाठी ते चार दिवस आधीच येऊन राहिले होते आणि जुन्या कापडाच्या पट्ट्या दाराला बांधून कापायचा सराव करत होते. घरातल्या निम्म्या फडक्यांचे त्यांनी दोन-दोन तुकडे केले होते.

"कर काय करायचं ते," बायको म्हणाली. "पण रविवारी बाबांना वेळेवर आण म्हणजे झालं. मला दुसरं काही नको."

"त्याच गाडीतून आणतो! तरंगत!"

सासरे जन्मभर लिफ्टच्या कंपनीत होते. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं सोडवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. बोलायचे मोजकं, पण जे बोलायचे ते लिफ्टच्या दारावर चिकटवलेल्या सूचनेसारखं. जावयाशी तर त्यांचं संभाषण लग्नापासून 'काय, बरं?' आणि 'हो, बरं' याच्या पलीकडे गेलं नव्हतं. दोघांनाही एकमेकांबद्दल तक्रार नव्हती, पण विषयही नव्हता.

रविवारी बायको सकाळीच स्कूटरवरून दवाखान्यात गेली. इकडे चष्मेवाल्याने काम फत्ते केलं. डिकीत सीलबंद बॅटरी बसवली, तिच्या आधाराला मागच्या सीटच्या पाठीशी एक जाड फळी स्क्रूने पक्की केली, लांब केबल गाडीच्या तळातून पुढे नेली, फ्यूज लावला. किल्ली फिरवली. गाडी सुरू! त्याने स्वतःच्याच पाठीवर थाप मारायचा प्रयत्न केला, पण हात पोचला नाही.

फक्त एक बारीक आवाज येत होता. टक्. टक् टक्.

"बॅटरी हलतेय," दारात उभे असलेले सासरे म्हणाले.

"नाही हो बाबा, घट्ट बसवलीय."

"आवाज बाहेरून कळत नाही. आत बसून ऐकावा लागतो. लिफ्टचा आवाज मी नेहमी आत बसून ऐकायचो." आणि सासरे, इस्त्रीचा सदरा, कडक पँट, खिशात फीत कापायची कात्री, अशा थाटात डिकीत चढून आडवे झाले! "झाकण लावा. गल्लीतून एक फेरी मारा. मी सांगतो काय हलतंय ते."

लग्नानंतर सासऱ्यांनी जावयाला उद्देशून केलेलं हे सगळ्यात लांबलचक भाषण होतं. तो इतका हरखला, की त्याने झाकण लावलं.

गल्लीच्या टोकाला, लॉन्ड्रीसमोर, गतिरोधक होता. गाडी त्यावर चढली, धपकन उतरली, डिकीत 'खट्' झालं आणि इंजिन बंद पडलं. चष्मेवाल्याने किल्ली फिरवली. काही नाही. दिवे नाहीत, भोंगा नाही.

"सापडलं!" मागून दबका आवाज आला. "केबल निघाली."

"छान! उघडतो हं बाबा!"

त्याने डिकीचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग त्याच्या कपाळावर हळूहळू घाम जमायला लागला. डिकी उघडायची ती विजेच्या बटणाने. किल्लीचं भोक आधीच्या मालकाने रंग देताना बुजवून टाकलेलं. बटणाला वीज हवी. वीज बॅटरीत. बॅटरी डिकीत. आणि मागची सीट पुढे पाडावी, तर तिच्या पाठीला त्याने स्वतःच्या हातांनी फळी ठोकलेली, तिचे स्क्रू आतल्या बाजूला!

सीटच्या मधोमध हात टेकायचा भाग होता. तो खाली ओढला की मागे लांबट वस्तू सरकवण्यासाठी एक झडप होती. चष्मेवाल्याने ती उघडली. अंधारात सासऱ्यांचा अर्धा चेहरा दिसला. शांत.

"घाबरू नका," सासरे म्हणाले. "हवा आहे. मदत येईपर्यंत शांत राहा. उड्या मारू नका."

"मी? मी तर बाहेर आहे!"

"बाहेरचेच जास्त घाबरतात. चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

"बाबा, एक करा ना. ती निघालेली केबल हाताने बॅटरीवर नुसती दाबून बसवा. डिकी लगेच उघडेल."

"नाही."

"का?"

"अडकलेल्या माणसाने यंत्राला हात लावायचा नाही. पहिला नियम. मी हजारो लोकांना सांगितलाय. आता स्वतः मोडू?"

"पण बाबा, ही लिफ्ट नाही!"

"बंद पेटी आहे, आत माणूस आहे, बाहेर गोंधळ आहे. आणखी काय पाहिजे?"

चष्मेवाल्याने स्वतःच हात घालून पाहिला. हात होता आखूड आणि जाड. कोपरापर्यंत गेला आणि बुचासारखा बसला. बोटांना काहीतरी लागलं.

"तो माझा चष्मा आहे," सासरे म्हणाले.

"याची डावी काडी सैल झालीय बाबा," तो सवयीने म्हणाला आणि तिथल्या तिथे दोन बोटांनी वाकवून नीट केली. "आता?"

"हं. आता बरा बसला."

एवढी प्रगती झाल्यावर त्याने मेकॅनिकला फोन लावला.

"बॉनेट उघडून बॅटरी बघा," मेकॅनिक म्हणाला.

"बॅटरी मागे डिकीत आहे."

"मग डिकी उघडा."

"ती बॅटरीशिवाय उघडत नाही."

पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "मागे कुणी नेली?"

"मी."

"डिकीत आणखी काय आहे?"

"सासरे."

"साहेब, रविवारी सकाळी असली थट्टा करू नका," असं म्हणून मेकॅनिकने फोन ठेवला.

तो ठेवतोय तोवर बायकोचा आला. "अरे, कुठे आहात? लोक जमलेत! दोन कुत्री आणि एक बकरीसुद्धा येऊन बसलीय!"

"निघालोच होतो," चष्मेवाला म्हणाला. "पण बाबा जरा... आत आहेत."

"आत म्हणजे? बाथरूममध्ये?"

खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. "बंद दाराआड आहेत," तो म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

"पोट बिघडलंय का? केव्हापासून? जुलाब आहेत? खाणं बंद केलंय? नाक ओलं आहे की कोरडं?"

"नाकाला मघाशी हात लागला होता. ठीक वाटलं."

"तू त्यांच्या नाकाला हात कशाला लावलास? आणि बाहेर का येत नाहीत?"

"सांगितलं मी त्यांना, असं असं करा म्हणजे दार उघडेल. ते नाही म्हणतात. तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणे."

'तत्त्व' हा शब्द बायकोच्या शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आत्याने ऐकला. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. नातेवाइकांत कोण कशावरून रुसलंय हे रुसणाऱ्याच्याही आधी तिला कळायचं. तिने फोन हिसकावून घेतला.

"कळलं मला! दादा बोर्डावरून रुसलाय! मी आल्या आल्याच वाचलं. एवढं थोरलं तुमचं आडनाव! पोरीला शिकवलं दादाने आणि बोर्डावर आडनाव जावयाचं? कोंडून घेणारच तो! थांबा, आम्ही येतो समजूत काढायला. घरीच ना?"

"नाही, लॉन्ड्रीसमोर."

"अगंबाई! दादा लॉन्ड्रीच्या बाथरूममध्ये?" आणि फोन बंद झाला.

चष्मेवाला मटकन मागच्या सीटवर बसला. झडपेतून आवाज आला, "जावईबापू, घाम पुसा. असं होतं. एकदा एका लिफ्टमध्ये नवरदेव अडकला होता. तीन तास. सुटका झाल्यावर म्हणाला, आणखी थोडा वेळ मिळेल का?"

चष्मेवाल्याला हसू फुटलं. सासरेही आत हसले. गाडी जरा हलली. मग त्यांनी आणखी दोन किस्से सांगितले. जावयाने, डोळे तपासताना पाटीवरची अक्षरं पाठ करून येणाऱ्या आजोबांचा सांगितला. लॉन्ड्रीवाल्या बाईने दुकानातून डोकावून पाहिलं, तर एक माणूस सीटला कान लावून एकटाच खदखदा हसत होता. तिने गुपचूप अर्धं शटर ओढून घेतलं.

इतक्यात स्कूटर येऊन थांबली. बायको पुढे, आत्या मागे. आत्या गाडीपाशी पोचण्याआधीच बोलायला लागली होती. "दादा! झालं ते झालं! बोर्डावर जावयाचं आडनाव घातलं ही चूकच झाली, पण आज लेकीचा दिवस आहे रे!"

डिकीच्या झाकणाला आतून डोकं आपटलं.

"कोणता बोर्ड?" सासऱ्यांनी विचारलं.

"दवाखान्याचा! त्यावरूनच रुसलास ना?"

"मला माहीतच नव्हतं," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज हळूहळू थंड पडत गेला. "असं आहे होय?"

"बाबा, आत काय करताय तुम्ही?" बायकोला आत्ता कुठे गाडीची डिकी बोलतेय हे ध्यानात आलं होतं. नवऱ्याने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा झडपेकडे. नव्या साडीचा पदर खोचला, हातातल्या बांगड्या काढून आत्याकडे दिल्या आणि मागच्या सीटवर गुडघे टेकले.

अडलेल्या गायीचं वासरू आडवं आलं की जसा हात घालतात, तसा तिने झडपेतून हात घातला. खांद्यापर्यंत! गाल सीटला चिकटलेला, डोळे मिटलेले.

"हं... हे बाबांचं गुडघ्याचं हाड. हे बॅटरीचं अंग. केबल कुठाय... थांबा... सापडली. डोकं फिरलंय तिचं. बाबा, हलू नका. शाब्बास, असंच, असंच..."

"मी गाय नाही," आतून आवाज आला.

"गाय ऐकते हो माझं!" तिने मनगट वळवलं, दाबलं. टक्! गाडीतला दिवा लागला. नवऱ्याने बटणावर झडप घातली आणि डिकी अलगद वर उचलली गेली.

लॉन्ड्रीवाल्या बाईने टाळ्या वाजवल्या. सगळे मागे धावले. सासरे बॅटरीवर कोपर टेकून पडले होते. हाताची घडी, तोंड दुसरीकडे.

"या बाबा बाहेर."

"नाही."

"आता काय झालं?"

"आता रुसलोय."

"अहो, पण बोर्डावर यांचं आडनाव नाहीच आहे!" बायको म्हणाली. "आत्याने शेजारचा बोर्ड वाचला. चष्म्याच्या दुकानाचा!"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. "अक्षरं त्याचीच मोठी होती," आत्या पुटपुटली.

सासऱ्यांनी मान वळवली. चेहरा जरा उजळला. "म्हणजे माझं आडनाव आहे?"

"तुमचंही नाही. कुणाचंच नाही. नुसतं माझं नाव आहे, आणि खाली 'जनावरांची डॉक्टर'. बाबा, तुम्ही माझ्या शाळेच्या दप्तरावर काय लिहायचात? नुसतं माझं नाव. मी विचारलं, तर म्हणायचात, हरवलं तर लोकांनी तुला ओळखायला पाहिजे, मला नाही."

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "बरोबर आहे," ते म्हणाले आणि त्यांनी एक पाय बाहेर काढला.

"बरोबर काय?" चष्मेवाल्याच्या तोंडून निघून गेलं. "माझंही नाही? खोली मी दिली! रंग मी लावला! दोनदा! निदान कुठे कोपऱ्यात, बारीक अक्षरात..."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बाहेर काढलेला पाय पुन्हा आत घेतला. बॅटरीच्या बाजूला सरकले.

"या जावईबापू," ते म्हणाले. "जागा आहे."

आणि तो खरंच बसला! बायकोने घड्याळ पाहिलं. समजूत काढायला तिच्याकडे वेळ नव्हता. आत्याला तिने पुढच्या सीटवर कोंबलं, स्कूटर लॉन्ड्रीवाल्या बाईच्या हवाली केली आणि स्वतः गाडी चालवायला बसली. डिकी उघडीच ठेवली. पायी चालणाऱ्याच्या वेगाने, पाय बाहेर सोडून, रस्त्याकडे तोंड करून बसलेले सासरे-जावई असे दवाखान्याच्या दारात पोचले.

फीत सासऱ्यांनी एका फटक्यात कापली. सराव कामाला आला. कापल्यावर कात्री खिशात ठेवताना त्यांचा खिसा दोनदा चुकला, कारण डोळे भरून आले होते. बायकोने कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हाताने त्यांचा हात धरला आणि दोघं आत गेली.

चष्मेवाला मात्र डिकीतच बसून राहिला होता. कुणीतरी येऊन आपल्याशी दोन शब्द बोलेल, अशी त्याची माफक अपेक्षा होती. आणि आलंही. बकरी घेऊन आलेले एक आजोबा काठी टेकत जवळ आले, त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि दोरी घट्ट धरत म्हणाले,

"हे बघा, तुम्हाला गाडीतून आणलं म्हणून पुढे घुसायचं नाही. आमचा नंबर तुमच्या आधी आहे."