वरच्या मजल्याचे मानकरी

त्या शनिवारी डोरीनने सांगितल्याप्रमाणे मी शिडी लावून पन्हळीतली मेपलची पानं काढायला गेलो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण शिडीवर चढण्याआधी गुडघ्याला मनाची तयारी करायला जरा वेळ द्यावा (गुडघा माझा, सबबही माझीच), म्हणून मी संगणकापुढे बसलो. तिथे जहाज कंपनीचा मेल आलेला. 'वेंडल, तुमची खोली याहून मोठी असू शकते!'

आता आमच्या खोलीहून मोठी नाही अशी खोली शोधायला कष्टच पडले असते. जहाजाच्या पोटातली, बिनखिडकीची. दिवा मालवला की सकाळ झाली का, हे भुकेवरून ओळखायचं. ही निवड माझी नव्हे, माझ्या साडूची. दर जानेवारीत ओहायोतली थंडी अंगावर यायला लागली की मी, बायको डोरीन, तिची थोरली बहीण मॅक्सिन आणि तिचा नवरा क्लिफ, असे चौघे एकाच गाडीत बसून टोलीडोहून थेट फ्लोरिडा गाठतो आणि आठवडाभर बोटीवर काढतो. क्लिफने जन्मभर गालिचे विकले. त्यामुळे दुसऱ्याच्या गळ्यात काय मारायचं, हे त्याला चांगलं कळतं.

"खोलीत फक्त झोपायचं असतं, वेंडल," तो दर वर्षी सांगतो. "डोळे मिटल्यावर खिडकी कशाला हवी?"

मी स्वतः वाहन परवाना कार्यालयात एका खिडकीमागे नोकरी संपवली. त्यामुळे मला खिडकीची हौस उरली नसावी, असं तो धरून चालतो.

मेलमध्ये लिहिलं होतं की बोटीवरचा सूट, म्हणजे सज्जा, सोफा आणि बटलर असलेली ती राजेशाही जागा, हवी असेल तर बोली लावा. मी सगळ्यात कमीची बोली टाकली. पडद्यावरचा, बोलीचा जोर दाखवणारा काटा लगेच तांबड्या रंगात गेला आणि खाली अक्षरं उमटली, 'शक्यता फारच कमी.' मला हायसं वाटलं. बोली लावल्याचा रुबाबही मिळाला आणि सूट मिळण्याची धास्तीही नाही. मग मी उठून निमूटपणे पानं काढली आणि डोरीनला काही बोललो नाही.

निघायच्या अगदी तोंडावर दुसरा मेल आला. 'अभिनंदन!'

सूट आम्हालाच मिळाला होता. (सगळ्या शहाण्या लोकांनी त्या आठवड्याकडे पाठ फिरवली असणार.) खाली मानपान लिहिले होते. जेवायला निराळा हॉल. संध्याकाळी निराळ्या बारमध्ये मागाल ते मद्य, कितीही. खोलीत बाटल्यांनी भरलेला फ्रिज. प्रत्येक ओळीपुढे 'फक्त सूटच्या पाहुण्यांसाठी' असं होतं, आणि दर वेळी मी मनात 'क्लिफसाठी नाही' असं वाचत होतो.

हे गुपित मी बंदरापर्यंत पोटात ठेवलं. माझ्यासारख्या माणसाला आयुष्यात असा क्षण एकदाच मिळतो. तो घरीच वाया घालवायला मी वेडा नव्हतो.

"तुम्ही त्या रांगेत उभे राहा," बंदरावर मी सहज बोलल्यासारखं म्हणालो. "आम्हाला इकडून जायचंय."

"का? गुडघा पुन्हा दुखतोय?" क्लिफने विचारलं. "चाकाची खुर्ची मागवू?"

"सूटची रांग आहे ही, क्लिफ."

क्लिफ गप्प झाला. साडू झाल्यापासून तो पहिल्यांदाच गप्प झाला असेल. मला वाटलं, कुणी फोटो काढायला हवा होता. पण तेवढ्यात डोरीनने माझी बाही ओढली.

"आणि मॅक्सिन?"

"मॅक्सिन क्लिफबरोबर."

"मग जेवायला?"

"त्यांचं खाली, नेहमीच्या हॉलमध्ये. आपलं वर. आपलं आता सगळं निराळं!"

"वेंडल," ती अगदी हळू म्हणाली. डोरीन ओरडते तेव्हा काळजी नसते. "मॅक्सिन मार्चमध्ये ओरेगनला चाललीय. घर विकून बसलीय ती. हा एक आठवडा होता आमच्याकडे. आणि तू मला तिच्यापासून सात मजले वर नेऊन ठेवतोयस?"

हे अगदी खरं होतं. मॅक्सिनचा मुलगा तिकडे, नातवंडं तिकडे. या दोघी बहिणी जन्मापासून एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर राहिलेल्या. एकीने केक केला की दुसरीच्या घरी तो गरम असतानाच पोचायचा. आता मध्ये अख्खा देश येणार होता. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण क्लिफचं तोंड कसं होईल, या विचारात ते जरा मागे पडलं होतं.

सूट मात्र असा होता की मी दारात टोपी काढली. पांढरे हातमोजे घातलेला बोनी नावाचा फिलिपिनो बटलर शॅम्पेनची बाटली घेऊन उभा होता.

"मॅडम, आज वरच्या हॉलमध्ये किती वाजता जेवाल?"

"मी खाली जेवणार."

"खाली?" बोनीने असं विचारलं, जणू डोरीन इंजिनच्या खोलीत डबा उघडणार होती.

"बोनी," मी मध्ये पडलो, "हिची बहीण आणि मेहुणे वर येऊ शकतील का जेवायला?"

"माफ करा, सर. सूटमध्ये दोन पाहुणे, तर वर दोनच खुर्च्या."

"अरे, सख्खी बहीण आहे!"

"मागच्या खेपेला एका साहेबांच्या आईला नाही म्हणावं लागलं, सर. मला स्वतःला जेवण गेलं नाही त्या दिवशी."

डोरीनने शॅम्पेनला हातही न लावता शाल उचलली आणि ती खाली गेली. शहाण्या नवऱ्याने तिच्या मागोमाग जायला हवं होतं. पण मानपान फुकट जाऊ देणं माझ्या रक्तात नाही. मी दोन्ही पेले संपवले आणि एकटाच वरच्या हॉलमध्ये जाऊन बसलो.

समोर परातीएवढी ताटली आली. तिच्या मधोमध एक कोळंबी, आणि कोळंबीवर फेस. हा फेस खायचा असतो की तो जायची वाट पाहायची असते, हे मला कळेना, म्हणून मी मान खाली घालून थांबलो. वेटरला वाटलं मी प्रार्थना करतोय. तोही अदबीने मान खाली घालून उभा राहिला. शेजारच्या टेबलावर मोत्यांची माळ घातलेल्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कधीपासून एकटे आहात?" त्यांनी हळुवारपणे विचारलं.

"आजच दुपारपासून."

"अरे देवा! आणि तरीही तुम्ही जेवायला आलात?"

"पैसे भरलेत ना."

"आता त्या कुठे..."

"बहिणीजवळ. तिथेच तिला बरं वाटतं."

बाईंनी माझा हात थोपटला आणि आपली पुडिंगची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी गैरसमज दूर करणारच होतो, पण पुडिंग चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सूटवाल्यांच्या बारमध्ये गेलो. घरी मी डब्यातली बिअर पिणारा माणूस. पण इथे बिअर मागणं म्हणजे सासुरवाडीला जाऊन पाणी मागण्यासारखं वाटलं, म्हणून ऐटीत जिन मागितली.

"कोणती जिन, सर?"

"चांगली."

"सगळ्याच चांगल्या आहेत, सर."

"मग सगळ्या दे!"

हा मी विनोद केला होता. सूटच्या पाहुण्याने केलेला विनोद विनोद धरायचा नाही, अशी बहुतेक तिथल्या लोकांना शिकवण असावी. माझ्यापुढे एका ओळीत पेले मांडले गेले. परत पाठवावेत तर त्या पोराला वाईट वाटलं असतं. मी त्याला अजिबात वाईट वाटू दिलं नाही.

मग मला एकदम डोरीनची आठवण आली. ती लॉबस्टरची रात्र होती. खालच्या हॉलमध्ये त्या रात्री सगळे नटूनथटून येतात आणि लॉबस्टर मागाल तितके वाढतात. इतक्या वर्षांत ती रात्र आम्ही चौघांनी एकाच टेबलावर काढली होती. मी भिंतीच्या आधाराने (बोट हलत होती, बाकी कुणाला ते जाणवत नव्हतं, हे खरं) खाली पोचलो. पाहतो तर माझ्या खुर्चीवर एक टक्कल!

"हे नेब्रास्काचे दंतवैद्य," क्लिफ तिसरा लॉबस्टर फोडत म्हणाला. "तुझी खुर्ची रिकामी होती, म्हणून कॅप्टनच्या माणसांनी यांना दिली. ये, उभा राहा जरा आमच्याजवळ. वर काय वाढतात?"

"फेस," मी म्हणालो.

दंतवैद्य हिरड्यांबद्दल काहीतरी सांगत होते. मॅक्सिन आणि डोरीन त्यांच्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि त्यांच्या टकलावरून एकमेकींकडे पाहत होत्या. डोरीनचं नाक लाल झालेलं. नवऱ्याला बायकोच्या नाकावरून बरंच काही कळतं.

"काल रात्रीपासून एक वाक्य धड बोललो नाही आम्ही," मॅक्सिन म्हणाली. "इथे ही गर्दी, हा वाद्यवृंद. आणि आमच्या खोलीत क्लिफ."

मला फार वाईट वाटलं. खरोखर वाटलं, नुसतं जिनमुळे नव्हे. मी छाती पुढे काढली.

"मॅक्सिन, तू वर जा. माझ्या जागी. तिथे एवढी शांतता आहे की कोळंबीचासुद्धा आवाज येतो."

बोनीला खाली बोलावून विचारलं. तो विचारात पडला.

"सर खाली आले, तर त्यांच्या जागी मॅडमच्या बहिणीला नेता येईल. फक्त मग सर वर येऊ शकणार नाहीत."

"मला कशाला यायचंय वर!" मी म्हणालो. सगळं टेबल माझ्याकडे पाहत होतं. डोरीनने तर भर हॉलमध्ये माझ्या गालाचा मुका घेतला, आणि दोघी शाळेतल्या पोरींसारख्या हात धरून पळाल्या. मी मॅक्सिनच्या खुर्चीत रुबाबात बसलो आणि लॉबस्टर मागवले.

लॉबस्टर संपले होते.

इथवर मी थांबायला हवं होतं. पण चांगुलपणाची एकदा सवय लागली की सुटत नाही. दुसऱ्या दिवशी डोरीन म्हणाली, संध्याकाळी बारमध्येही मॅक्सिनलाच नेते, जेवणाआधी तेवढाच वेळ मिळेल. मी म्हटलं, ने. मग ती म्हणाली, बोनी सकाळी सज्ज्यावर न्याहारी मांडतो, सूर्य वर येताना दोघींनी कॉफी प्यायची लहानपणापासून इच्छा होती. मी म्हटलं, पी. मग ती म्हणाली, त्यासाठी मॅक्सिनला पहाटे सात मजले चढून यावं लागेल, आणि तिची कंबर ही अशी. मी काही म्हणायच्या आत बोनीने माझी बॅग उचलली होती.

ज्या साडूच्या नाकावर टिच्चून मी सूट घेतला, त्याच साडूच्या बिनखिडकीच्या खोलीत मी राहायला गेलो.

तिथल्या सेवकाने नवरा-बायकोसाठी दोन्ही पलंग जोडून ठेवले होते आणि वर टॉवेलांचे दोन हंस, चोचीला चोच लावून. क्लिफने बराच वेळ हंसांकडे पाहिलं.

"यातला तू कुठला?" त्याने विचारलं.

पलंग वेगळे करायला सांगितलं, तर सेवक म्हणाला, मधला बोल्ट काढायला सुतार लागतो आणि सुतार वरच्या मजल्यावर सूटच्या बायकांसाठी सज्ज्यात झोपाळा टांगतोय. क्लिफ घोरतो हे मला ठाऊक होतं. तो झोपेत गालिचे विकतो, हे नवीन कळलं. दोनदा तर मी घेतलेही. दिवसा जेवताना दंतवैद्य माझ्या तोंडात वाकून पाहत आणि खिन्न होत.

एकदा रक्तदाबाच्या गोळ्या राहिल्या म्हणून मी वर गेलो. बोनीने मला सूटच्या दारातच अडवलं.

"माफ करा, सर. ही जागा फक्त सूटच्या..."

"अरे, मी वेंडल! बोली मी लावली होती!"

"हो, सर. पण बायका गप्पा मारतायत. कुणालाही आत सोडू नकोस म्हणाल्या." त्याने गोळ्या चांदीच्या ताटलीत आणून दिल्या.

आतून डोरीनचं हसणं ऐकू येत होतं. साधंसुधं नव्हे. श्वास अडकून, टेबलावर हात आपटून हसणं. तसं हसताना मी तिला लग्नाआधी ऐकलं होतं. नंतर कधी ऐकलं ते आठवेना, आणि ते आठवत नाही याची मला लाज वाटली. मी गोळी तिथेच पाण्याशिवाय गिळली आणि मजले उतरताना स्वतःवर जरा खूश झालो. मनात म्हटलं, घरी परतल्यावर मी तिला असंच हसवीन. फ्लोरिडा ते टोलीडो दोन दिवसांचा रस्ता आहे. गाडी मी चालवणार, ती शेजारी बसणार. सुरुवात तिथूनच करायची.

शेवटच्या सकाळी सूटच्या पाहुण्यांना सगळ्यांत आधी उतरवतात. बाकीचे आम्ही नाट्यगृहात बॅगा पायाशी घेऊन आपल्या क्रमांकाची वाट पाहत बसलो होतो. मधल्या वाटेने डोरीन आणि मॅक्सिन ऐटीत निघाल्या. पुढे बोनी, दोघींच्या हातांत फुलं. माझ्यापाशी आल्यावर डोरीन थांबली, फुलं मॅक्सिनकडे दिली आणि माझे दोन्ही हात धरून खाली बसली.

"वेंडल, असा आठवडा मला आयुष्यात कुणी दिला नाही."

मी खिशात रुमाल शोधू लागलो. क्लिफनेसुद्धा नजर दुसरीकडे वळवली.

"आणखी एक देशील?"

"काहीही माग," मी म्हणालो.

"गाडीची किल्ली."

मी किल्ली दिली. द्यावीच लागली, शब्द दिला होता.

"मॅक्सिन आणि मी दोघीच जाऊ म्हणतो. वाटेत आणखी दोन दिवस मिळतील बोलायला," डोरीन म्हणाली. "तुम्हा दोघांची बोनीने बसची सोय केलीय. अगदी शेवटपर्यंत शेजारशेजारच्या जागा मिळाव्यात म्हणून बिचाऱ्याने किती खटपट केली!"