यादीप्रमाणे अक्षरा

उदगीरच्या विरूपाक्ष किराणावाल्यांना आयुष्यात एकच गोष्ट बिनचूक जमली होती: खेड्यावर जाणारा माल यादीशी ताडून टेम्पोत चढवणे. (संसाराबद्दल शिवगंगाचं, म्हणजे बायकोचं, मत वेगळं होतं.) त्यामुळे नऊ वर्षांच्या लेकीला, अक्षराला, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, आहे असं निघालं आणि लातूरच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "भिंतीवर कामांचा तक्ता लावा, एकेक काम झालं की तिलाच खूण करू द्या," तेव्हा त्यांना एकदम हुरूप आला. यादी! हे तर घरचंच काम.

हुरूप हवाच होता. तिचं वह्या विसरणं आणि रोजचा उशीर यांना कंटाळून मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, "सोमवारपासून एकदा जरी चुकलं तरी दाखला घेऊन जा." ही तिसरी शाळा. चौथी कुठून आणायची, या काळजीनं विरूपाक्षांना जेवण जात नव्हतं.

सोमवारी नवल घडलं. दात, आंघोळ, वेणी, सगळ्या कामांपुढे अक्षरानं खुणा केल्या. विरूपाक्षांनी दुकानातला आवाज लावला.

"दप्तर?"

"हाय, अप्पा."

"डबा?"

"हाय."

"बाटली?"

"हाय!"

"लई शहाणी गं माझी बाई!"

सगळं स्कूटरवर नीट लावून ते आनंदाच्या भरात सुटले. (शिवगंगा आत लिंगपूजेत, टोकणारं कुणी नव्हतं.) शाळेत पोचले, तर घंटेला अजून दहा मिनिटं होती!

फाटकात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. "अक्षरा कुठंय?"

विरूपाक्षांनी मागं वळून पाहिलं. दप्तर होतं, डबा होता, बाटली होती. यादीत मुलगी नव्हती.

ते धापा टाकत घरी आले, तेव्हा अक्षरा दाराबाहेरच्या ओट्यावर उभी होती, गणवेशात, एकटी.

"मी हाका मारल्या, अप्पा. तुम्हाला ऐकूच आलं न्हाई."

त्यांचे डोळे भरून आले. तिनं त्यांची बाही धरली.

"रडू नका. मुद्दाम न्हाई करत कुणी. मला बी असंच होतंय."

तीन वर्षं ती हेच सांगत होती आणि ते धपाटे घालत होते. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

शाळेत पुन्हा पोचेपर्यंत पहिला तास संपत आला होता. विरूपाक्षांनी काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. मुख्याध्यापिकांनी दाखल्याचा कागद खणात ठेवला.

"मुलगी राहील. तिचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र उद्यापासून येऊ नका. आईला पाठवा."