उजव्या हाताचं क्रीम

क्रीम म्हणजे त्यात चमचा उभा राहिला पाहिजे, असं ओरेस्टचं मत होतं. विनिपेगच्या थंडीत कातडीला भेगा पडतात, तिथे पातळ लोशन काय कामाचं, हे तो येईल त्याला ऐकवायचा. कारखाना त्याचाच असल्यामुळे ऐकावं लागायचं. त्याच्याकडे काम करणाऱ्या लेस्याने मात्र तेलाचे थेंब पाण्यात इतके बारीक फेटले होते की तिचं लोशन लावताक्षणी जिरायचं आणि ओलही धरून ठेवायचं. क्रीमशी होणाऱ्या चाचणीत ते हरलं तर दोन हिवाळ्यांची मेहनत मोरीत जाणार होती.

चाचणीला चर्चमध्ये पेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, भरणाऱ्या बायका आल्या. आठवडाभर हाताला काही लावायचं नाही, ही अट त्यांनी कुरकुरत पाळली होती. एक माणूस कमी पडला म्हणून ओरेस्टच बाह्या सरसावून बसला. डाव्या हाताला लोशन, उजव्या हाताला क्रीम. डब्यांवर नावं नव्हती, पण चमचा कशात उभा राहील हे आंधळ्यालाही कळलं असतं. मग सगळे शेजारच्या खोलीत चहाला बसले.

नंतर यंत्राने कातडीतली ओल मोजली, तर डाव्या हाताने उजव्याला कुठल्या कुठे मागे टाकलं. लेस्या हरखली, आणि लगेच चरकलीही. लोशन चांगलं होतं, पण इतकं नव्हतं. तिनेच तर केलं होतं.

"काकू, मध्ये हाताला काही लावलंत का?" तिने त्या बायकांतल्या स्तेफानियाबाईंना विचारलं.

"छे गं, नको म्हणाली होतीस ना." बाई दुखावल्या. "उजव्या हातावरचं ते लोणी जिरेचना. बाही माखायला लागली. मग जास्तीचं डाव्या हाताला पुसलं. फुकट कशाला घालवायचं?"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

गप्प बसावं, असं लेस्याला फार वाटलं. तरी तिने ओरेस्टच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. चाचणी बाद, त्याच्या क्रीमवर अन्याय झाला, पुन्हा घ्यावी लागेल.

ओरेस्ट मांडीवर हात ठेवून ऐकत होता.

"तुम्हीही डाव्या हाताला पुसलंत?" तिने विचारलं.

"नाही. नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "मी पँटला पुसलं."

मांडीवर भलामोठा पांढरा डाग होता.

"मग पुन्हा कधी घेऊ चाचणी?"

"नको. लोशनच बाजारात आणू," ओरेस्ट डाग चोळत म्हणाला. "आणि हे कशाने निघतं ते सांग. पाण्याला दादच देत नाहीये."